चार चकचकीत पिना

देवळाली कॅम्पच्या तोफखाना वर्कशॉपमध्ये माझी पोस्टिंग झाली ती सत्तरच्या दशकाच्या मध्यात. ट्रेड ब्लॅकस्मिथ. जन्म हरसूलचा. बापाचा भाता होता. त्याने घडवलेले कोयते आणि विळे मी आठवडी बाजारात विकायचो. घासाघीस करण्यात आणि भांडण्यात माझा हात कोणी धरत नसे. शाळा सातवीपर्यंत. इंग्रजी फक्त सहीपुरती.

०६:०० ला पीटी, ०८:०० ला फॉल-इनची हजेरी, ०८:१५ ला भट्टी पेटवायची. दुरुस्तीला तोफा यायच्या, गाड्या यायच्या. कामाची सगळी कागदपत्रं इंग्रजीत. जॉब कार्ड आलं की मी ते घेऊन लान्स नाईक रतन गांगुर्डेकडे जायचो. रतन नाशिकरोडच्या बौद्ध वस्तीतला, मॅट्रिक पास. माझ्या शेजारच्या खाटेवर झोपायचा आणि मला 'हरसूल' म्हणायचा.

त्यानेच मला शिकवायला सुरुवात केली. पुस्तकातून नाही, भंगारातून. वर्कशॉपमध्ये तुटलेला प्रत्येक तुकडा तो उचलायचा, त्याला दोऱ्याने पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधायचा, चिठ्ठीवर इंग्रजी शब्द लिहायचा आणि दारूगोळ्याच्या रिकाम्या पेटीत टाकायचा.

"हे बघ, हरसूल. हे वाकलं, ताणलं गेलं, मग तुटलं. डक्टाइल. हे न वाकता फुटलं. ब्रिटल."

"आज किती शब्द?"

"पाच."

"तीन."

"शिकायचंय तुला, आणि भाव पाडतोस? चार."

"चार. पण पक्के."

वर्कशॉपच्या सुभेदारांना आम्ही मागून 'पॉलिश साहेब' म्हणायचो. त्यांना प्रत्येक वस्तू चकचकीत लागायची. झाडांच्या बुंध्यांना गेरू, दगडांना चुना, पान्यांना तेल. मी एकदा विचारलं, "रतन, पॉलिश साहेब डक्टाइल की ब्रिटल?"

"तो धातूच नाही. वरचा रंग आहे."

एके दिवशी जनरल साहेबांच्या इन्स्पेक्शनची तारीख आली. चेन पुलीच्या शॅकलची पिन झिजली होती. जड वस्तू टांगायची ती कडी म्हणजे शॅकल. सगळा भार तिच्या पिनेवर असतो. डेपोतून पिना आल्या नव्हत्या. हुकूम झाला, इथेच बनवा. मी चार बनवल्या.

पोलाद तांबडं करून पाण्यात बुडवलं की कडक होतं, पण काचेसारखं फुटकंही होतं. म्हणून ते पुन्हा मंद तापवावं लागतं. अंगावर आधी पिवळी झाक येते, मग तपकिरी, मग निळी. असल्या कामाला निळ्यावर थांबायचं. आमच्याकडे याला पाणी उतरवणं म्हणतात. बाप म्हणायचा, "लोखंड कडक झालं म्हंजी शानं झालं असं नाय." इंग्रजीत याला टेम्परिंग म्हणतात. हे दोन्ही शब्द, हार्डन्ड आणि टेम्पर्ड, रतनच्या पेटीत होते.

इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी १६:३० ला मी पिना पाण्यात बुडवून बाहेर काढल्या. सुभेदारांनी दोन जवान बसवून त्या पॉलिश पेपरने आरशासारख्या घासून घेतल्या. मी परत भट्टीकडे नेऊ लागलो, तोच सुभेदार आडवे आले.

"कहाँ?"

"साब, टेम्पर बाकी है."

"नीली पड़ जाएगी?"

"जी साब."

"जनरल साब को नीली पिन दिखाऊँ? फिर से घिसने का टाइम है? इन्स्पेक्शन के बाद कर लेना."

"साब, ये लोड नहीं लेगी."

"तू इंजिनियर है? तो लिख के दे. रजिस्टर में इंग्लिश चलती है."

त्यांनी रजिस्टर पुढे सरकवलं, वर पेन ठेवलं. घासणारे दोघे हसले. मी पेन उचललं आणि खाली ठेवलं.

रतन त्या दिवशी फायरिंग रेंजवर होता. संध्याकाळी परत आला. त्याला सांगितलं असतं तर त्याने दोन ओळी लिहून दिल्या असत्या. मी सांगितलं नाही. लोक मला हसले हे मला त्याच्यापुढे सांगायचं नव्हतं. पिना दाखवायच्या बोर्डवर मांडून ठेवणार आहेत, त्यांच्यावर भार कोण टाकतो, अशी मी स्वतःची समजूत घातली.

दुसऱ्या दिवशी १०:२५ ला जनरल साहेब आले. बोर्ड पाहून खूश झाले. १०:४० ला म्हणाले, "काम करून दाखवा." सुभेदारांनी बोर्डवरची एक पिन उचलून स्वतःच्या हाताने शॅकलमध्ये घातली. तोफेची नळी टांगली. साखळीवर रतन. मी वीस पावलांवर, भट्टीपाशी.

"रुको!" मी ओरडलो.

नळी तोवर छातीइतकी वर गेली होती. बशी फुटावी तसा आवाज झाला. नळीचं मागचं टोक वळलं आणि रतनच्या छातीवर बसलं. ११:२० ला मिलिटरी हॉस्पिटलमध्ये तो गेला.

जमिनीवर पडलेली अर्धी पिन मी खिशात घातली. उरलेल्या तीन पिना सुभेदारांनी त्याच दुपारी भंगारात टाकायला लावल्या. मी त्या भंगारातून काढल्या.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. मी हिंदीत सगळं सांगितलं. सुभेदारांच्या हाताखालच्या माणसाने ते इंग्रजीत टाईप केलं. "यहाँ साइन." मी सही केली. निष्कर्ष आला: ऑपरेटरने साखळीला झटका दिला, चूक ऑपरेटरची. हाताने ओढायच्या साखळीला कसला झटका? पण कागद बंद झाला.

रतनची ट्रंक मी नाशिकरोडला पोचवली. त्याच्या आईने ती उघडलीही नाही.

"बाबा, माझ्या पोराची चूक व्हती का?"

"नाही, आई."

"मंग कागदावर का लिवलं? गल्लीत लोक म्हनत्यात, सोताच्या चुकीनं मेला."

परत येताना बसमध्ये ठरवलं. ज्या भाषेत त्यांनी हे लिहिलं, त्याच भाषेत मी ते मोडणार.

जवानांना शिकवणाऱ्या एज्युकेशन हवालदारांकडे धातू आणि इंजिनिअरिंग मटेरियलचं एक जाड इंग्रजी पुस्तक होतं. मी सौदा केला. रोज एक पान शिकवायचं. बदल्यात त्यांच्या घरच्या विळ्या, अडकित्ते आणि सायकल यांची दुरुस्ती माझ्याकडे.

"रोज एक पान फार होतं रे."

"मग सायकल पुढच्या वर्षी."

एक पान ठरलं. पुस्तकातला शब्द अडला की मी रतनची पेटी उघडायचो. चिठ्ठी वाचायची, तुकडा हातात घ्यायचा, तुटलेल्या कडेवरून बोट फिरवायचं. शब्द पुन्हा विसरत नसे. आजही मला इंग्रजीत कोणाची धड खुशाली विचारता येत नाही. पण पोलाद कशाने मेलं ते मी इंग्रजीत सांगू शकतो.

अकरा महिन्यांनी ऑफिसातल्या कपाटाचं कुलूप अडकलं म्हणून मला बोलावलं. क्लार्क आमच्या हरसूलकडच्या पेठ गावचा होता. कुलूप उघडलं. समोर रतनची फाईल.

क्लार्क म्हणाला, "मी चहा पिऊन येतो. दहा मिनिटं. मी काय पाह्यलं नाय."

माझं निवेदन मी बोटाने एकेक शब्द वाचलं. पिना हार्डन्ड अँड टेम्पर्ड होत्या, असं त्यात लिहिलं होतं. खाली माझी सही. रतनला दोषी ठरवणारा साक्षीदार मीच होतो.

मी त्या दिवशी कोणाला मारलं नाही. माझा स्वभाव पाहता हे मोठं आहे.

पुढच्या महिन्यात माझी ट्रेड टेस्ट होती. परीक्षा घ्यायला मधे मेजर साहेब, डावीकडे सुभेदार. मेजर साहेबांनी विचारलं, हार्डनिंग आणि टेम्परिंग समजावून सांग. सुभेदार म्हणाले, "साब, ये हिंदी में बोलेगा."

"नो सर. इंग्लिश," मी म्हणालो.

खिशातून भंगारातली एक पिन काढली, व्हाइसच्या जबड्यात आवळली आणि हातोड्याचा एकच घाव घातला. तुकडा उडून सुभेदारांच्या बुटापाशी पडला. दुसरी पिन मी पाणी उतरवून निळी केली होती. ती आवळली. सात घाव घातले. वाकली, तुटली नाही.

"सर, फर्स्ट पिन वॉज हार्डन्ड. नॉट टेम्पर्ड. ब्रिटल फ्रॅक्चर. सेम बॅच, सर." आणि रतनच्या वेळची अर्धी पिन टेबलावर ठेवली. दोन्हींच्या तुटलेल्या कडा एकसारख्या होत्या.

मेजर साहेबांनी दोन्ही तुकडे उजेडात धरले. "तुझं निवेदन मी वाचलंय. त्यात उलटं आहे. खोट्या कागदावर सही केलीस, हे मान्य?"

"येस सर. तेव्हा वाचता येत नव्हतं. आता येतं."

इन्क्वायरी पुन्हा उघडली. पिना घासणाऱ्या दोघांनी खरं सांगितलं. मला सीव्हिअर रेप्रिमांड, म्हणजे कडक लेखी ताकीद, मिळाली. ती मी आनंदाने घेतली. सुभेदारांची सुभेदार मेजर व्हायची वेळ आली होती, ते बढती न मिळताच पेन्शनवर गेले.

ऐंशीच्या दशकात मी निवृत्त झालो आणि सातपूरला हीट ट्रीटमेंटचा स्वतःचा कारखाना टाकला. एक दिवस पॉलिश साहेब दारात. सुपरवायझरची जागा आहे ऐकलं होतं. मालक कोण, ते माहीत नव्हतं. मी खुर्ची दिली, रजिस्टर पुढे सरकवलं, वर पेन ठेवलं.

"त्या पिनांचं खरं काय ते लिहून द्या. या रजिस्टरमध्ये मराठी चालते."

त्यांनी पेन उचललं आणि खाली ठेवलं. माझे दोन कामगार हसले. मी त्यांना थांबवलं नाही. लोक म्हणतात, म्हाताऱ्या माणसाला माफ करायचं होतं. मी आयुष्यभर प्रत्येक गोष्टीचा भाव कमी-जास्त केला. या एका गोष्टीत करणार नाही.

पण माझ्या लेखी हिशेब मिटला तो त्याच्या कितीतरी आधी, नव्या निष्कर्षाचा कागद हातात आला त्या रविवारी. मी युनिफॉर्म घालून नाशिकरोडला गेलो. रतनच्या आईसमोर कागद उघडला आणि मराठीत सांगू लागलो. तिने हात वर केला.

"इंग्रजीत वाच. त्यांनी इंग्रजीत लिवलं व्हतं ना?"

मी वाचलं. "लान्स नाईक रतन गांगुर्डे वॉज नॉट टू ब्लेम."

तिने डोळे मिटून ऐकलं. मग उठली आणि दार सताड उघडलं.

"आता भाईर वट्यावर हुभा राहून वाच. मोठ्यानं. गल्लीला ऐकू जाऊ दे."

मी ओट्यावर सावधानमध्ये उभा राहिलो. दारं उघडली, माणसं बाहेर आली. रतनचं नाव मी तीन वेळा वाचलं.