उलटी शिंक

दुष्काळात सहकारी दूध संघानं पाली गावाजवळ चारा छावणी उघडली होती. आमच्या दोन गाईंमागून मोती कुत्राही तिथं आला होता. एका दुपारी तो मान ताणून घर्र घर्र आवाज करत नाकानं हवा आत ओढू लागला.

"पिसाळलंय!" कुणीतरी ओरडलं. लोक काठ्या घेऊन धावले. मी मोतीला कवटाळून बसले.

तेवढ्यात कडबा वाटणारा एक म्हातारा पेंढी टाकून मधे आला. त्यानं सावकाश मोतीचा गळा चोळला, क्षणभर नाकपुड्या दाबल्या. मोतीनं आवंढा गिळला आणि शेपूट हलवली.

"उलटी शिंक हाय ही, हवा भाईर न जाता आत वढली जाते," म्हातारा लोकांना म्हणाला. "दुस्काळ लई वाईट. कुत्रं शिंकलं तरी तुमाला मरणच दिसतंय."

काठ्या खाली आल्या.

मोती पुढं आठ वर्षं जगला. त्याला तसं झालं की मी गळा चोळायची, त्या म्हाताऱ्यासारखीच, अजिबात घाई न करता.