अकराच्या आत खाली या

"देव राहिले!" म्हणून आई माझ्या हातातून हात ओढत होत्या आणि वरून बर्फ येत होता. डाव्या हातात माझी पाच वर्षांची ईरा, उजव्या हातात सासूबाई. मी ओरडतेय, "आई, राहू द्या हो, चला!"

थांबा, पहिल्यापासून सांगते. मला नीट लिहिता येत नाही, बारावीतच शाळा सुटली.

आम्ही जर्मनीत नेकारसुल्मला राहतो, हे तिथे गाड्यांच्या कारखान्यात आहेत. आईंचा व्हिसा संपत आलेला, आणि परत जायच्या आधी त्यांना एकदा बर्फाला हात लावायचा होता. म्हणून एप्रिलमधे आल्गॉयला (दक्षिणेकडचा डोंगराळ भाग) गेलो. खाली गावात पिवळी फुलं, शेणाचा वास, वर डोंगर अजून पांढरे.

पेन्शनमधे (घरगुती लॉज) मालकीण आजीने नाश्त्याला चीज ठेवलं, तर आईंनी आपला चिवडा काढला. आजीनेही मूठभर खाल्ला. मग खिडकीतून तिने उतारावरच्या बर्फातली काळी फट दाखवली. "फिशमाउल" (माशाचं तोंड) म्हणाली. "रात्री गोठतं. ऊन तापलं की गवतावरून सगळं घसरतं. अकराच्या आत खाली या. अकरा!"

मला कळलं होतं हो. पण आईंची पूजा चाललेली. बाळकृष्ण त्या पुण्याहून डबीत घेऊन आलेल्या. मी हळूच म्हटलं, "आई, उशीर होतोय, त्या आजी म्हणाल्या..."

"देवापेक्षा तुझी जर्मन बाई मोठी का गं?"

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "तूच समजाव. मी बोललो की रडते ती."

बाळकृष्णाची डबी पिशवीत घेऊन निघालो तेव्हाच अकरा वाजून गेले.

वरचा बर्फ भिजलेल्या पोह्यांसारखा, पाय गुडघ्यापर्यंत आत. आईंनी मूठभर उचलून ईराच्या गालाला लावला, काय हसल्या! उतारापाशी एक बाक उन्हात वाळलेला. मीच म्हटलं, इथे बसू. हे गाडीतून पाणी आणायला खाली गेले. मी डबा उघडला तर ईरा म्हणते, "माम्मा, शाउ माल!" (बघ ना!) माशाचं तोंड मोठं झालं म्हणे, जर्मनमधेच. मी म्हटलं, आधी पोळी खा.

मग धप्प झालं. पोटात ऐकू आलं.

दोघींना धरून पळाले. चार पावलांवर आईंना आठवलं, देवांची पिशवी बाकावर. त्या ओढत होत्या हे खरं. मी बोटं सोडली हेही खरं. ईराला कडेवर घेतलं आणि धावले. वळून बघितलं तर बाक नव्हता.

बेर्गवाख्टवाले (डोंगरातले बचाववाले) कुत्रं घेऊन आले. आई सापडल्या तेव्हा पिशवी छातीशी घट्ट होती. एकाने नाडी बघून माझ्याकडे "नाही" अशी मान हलवली. डबीला पोचासुद्धा नव्हता.

घरी आल्यावर ह्यांनी एकदाच विचारलं, "तू हात धरला होतास ना?" मी हो म्हटलं. ईरा तिथेच उभी होती, माझ्याकडे बघत.

आता रोज त्या बाळकृष्णाला मीच आंघोळ घालते, ह्याच हाताने.

तुम्ही सांगा, हात दोनच होते. तुम्ही काय केलं असतं?