पणजोबांची लढाई आणि पंचवटीतली वही

आमच्या पणजोबांनी पहिलं महायुद्ध जिंकलं. बाकीचं सैन्यही सोबत होतं म्हणतात, पण आमच्या घरात त्याचा कुणी फारसा उल्लेख करत नाही.

पणजोबांचं नाव धोंडू. गाव बागलाणातलं नामपूर. ते इराकातल्या बसऱ्याला जाऊन लढले आणि त्यांचा धाकटा भाऊ महादू घरी बसून भाकऱ्या मोडत राहिला, हे आम्हाला बाराखडीच्या आधी शिकवलं गेलं. इंजेक्शनला रडणाऱ्या पोराला आमच्याकडे अजूनही 'महादूवर गेलाय' म्हणतात. (मी पालीला भितो, पण तो वेगळा विषय आहे.) महादूचे वंशज नामपूरलाच असतात आणि शेताच्या बांधावरून त्यांचं-आमचं पिढीजात वाकडं. त्यांच्यातला भाऊसाहेब माझ्याच वयाचा, कांद्याचा व्यापारी. आम्ही एकमेकांना लग्नाला आवर्जून बोलावतो आणि जेवण किती वाईट होतं यावर पुढे वर्षभर बोलतो.

यंदा पंधरा ऑगस्टला नामपूरच्या शाळेपुढे, गावातून लढाईवर गेलेल्यांच्या नावांचा दगड बसवायचं ठरलं. माझे वडील, आण्णा, वय ब्याऐंशी, नाशकात माझ्याकडे राहतात. बातमी कळली तशी त्यांनी नवा सदरा शिवायला टाकला. "आज्याचं नाव दगडावर बघितलं की मी मोकळा," म्हणाले. आई गेल्यापासून त्यांचं कशातच मन लागत नव्हतं. आता रोज दोनदा विचारायचे, "दगड कुठवर आला रे?" मला फार बरं वाटायचं.

त्यात भाऊसाहेबाने खोडा घातला. "लढाईवर महादू गेलता," तो भर ग्रामसभेत म्हणाला. "आमच्या आजीनं सांगितलंय."

सरपंच वैतागले. तुमच्या घरातून एकच माणूस गेल्याचं सगळं गाव सांगतं, तो कोण ते आठ दिवसांत पुराव्यानिशी सांगा, नाहीतर दोघांचीही नावं वगळतो, असा त्यांनी निकाल दिला.

मी कामाला लागलो. घरात पुरावा म्हणून एक पितळी तांब्या होता. बसऱ्याचा. चिंचेने घासून उलटा केला तर बुडाशी 'नाशिक' कोरलेलं.

"जाताना इथून नेला असंल," आण्णा म्हणाले. "परक्या मुलखात तांब्या कोण देतं?"

मग लष्कराच्या एका कार्यालयाला ई-मेल केला. अत्यंत सभ्य उत्तर आलं: सैनिकाचा क्रमांक, पलटण व पूर्ण नाव कळवावे. एवढं माहीत असतं तर मी त्यांना कशाला त्रास दिला असता! इंटरनेटवर शोधलं तर धोंडू ढिगाने निघाले. एक धोंडू खेचरं सांभाळत होता, एक फ्रान्सात आजारी पडला होता, एक पळून गेला होता. पळालेला धोंडू मी ताबडतोब बंद केला.

आठातले पाच दिवस असे गेले आणि मग मला गुरुजी आठवले. आईच्या अस्थी घेऊन रामकुंडावर गेलो होतो, तेव्हा आमच्या घराण्याच्या गुरुजींनी लाल बासनातली वही सोडून आमच्या सात पिढ्या घडाघडा वाचल्या होत्या. आपल्याकडे माणूस तीर्थाला आला की कोण आला, कुठून आला, कशाला आला, हे सगळं गुरुजींच्या वहीत उतरतं. पणजोबा लढाईवर निघताना गोदावरीला नमस्कार केल्याशिवाय थोडेच गेले असतील?

शहाण्या माणसाने आधी एकट्याने जाऊन वही बघितली असती. मी भाऊसाहेबाला फोन केला.

"उद्या पंचवटीत ये. स्वतःच्या कानांनी ऐक."

"येतो ना. येताना कांदे आणू का?"

"आण." (भांडण वेगळं, कांदे वेगळे.)

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं गुरुजींच्या ओसरीवर बसलो. बाहेर पाऊस कोसळत होता. आण्णा नवा सदरा घालून आले होते, कितीही सांगितलं तरी ऐकले नाहीत. मी मोबाइलवर रेकॉर्डिंग लावलं, ग्रामसभेत ऐकवायला. गुरुजी सत्तरीचे, जाड चष्म्याचे. जुनी पानं मोडी लिपीत, ती वाचणारे तेच एकटे.

"'धोंडू, मौजे नामपूर,'" गुरुजींनी सुरुवात केली. मी भाऊसाहेबाकडे पाहिलं. "'पाटलाने लढाईकरिता घरातून एक माणूस मागितला, सबब...'"

"ऐक," मी भाऊसाहेबाला म्हणालो. "सबब!"

"'...सबब भयाने गाव सोडून येथे आला. दीड वर्ष आमचे घरी पाणी भरून राहिला. स्वभाव गरीब. आहार मोठा.'"

रेकॉर्डिंग चालूच होतं.

"पुढचं पान बघा," मी म्हणालो. "नंतर गेले असतील."

गुरुजींनी पान उलटलं. "'महादू, मौजे नामपूर. थोरला भाऊ निघून आल्याने हा लढाईवर गेला. बसऱ्याहून सुखरूप परत. गावी जाण्याआधी येथे आला. थोरल्यास सोबत घेऊन एकाच गाडीने घरी गेला.'"

म्हणजे दोघं भाऊ एकाच दिवशी, एकाच बैलगाडीतून नामपुरात उतरले. दोघंही इतके दिवस गायब, तेव्हा गावाने विचारलं असणार, लढाईवर कोण होतं? थोरल्याने छाती काढली असणार आणि धाकटा गप्प बसला असणार. ज्याच्या नावाने आम्ही रडकी पोरं ओळखत होतो, त्या माणसाने आमच्या पणजोबांची अब्रू मरेपर्यंत झाकून ठेवली होती. मला इतकी लाज वाटली की भाऊसाहेबाकडे बघवेना.

"दीड वरीस फुकट जेवना?" आण्णा म्हणाले. (जिवाला लागलं की त्यांची अहिराणी सुटते; 'जेवना' म्हणजे जेवला, 'शे' म्हणजे आहे.) "मंग दोन्हीस्मा हुशार आपलाच शे ना."

पण हे म्हणताना ते सदऱ्याचं वरचं बटण उगाच काढत होते आणि लावत होते. भाऊसाहेबाने ते पाहिलं.

"सुभाष, ते रेकॉर्डिंग पुसून टाक," तो म्हणाला. "दगडावर धोंडूच राहू दे. आमच्या पणजानं जन्मभर तोंड उघडलं नाही, मी कशाला उघडू? आण्णांना येऊ दे पंधरा ऑगस्टला."

खोटं कशाला सांगू, मला हायसं वाटलं. माझं बोट मोबाइलवर गेलंही होतं. तेवढ्यात गुरुजींनी नवी वही माझ्यापुढे सरकवली आणि पेन दिलं.

"आज कोण आलं, कशाला आलं, लिहा. तुमच्याच हातानं. उद्या तुमची पणतवंडं येतील वाचायला."

मी पेन धरून बसलो. भाऊसाहेब आढ्याकडे बघत होता.

"देवदर्शनाला आलो, असं लिहू का?" मी विचारलं.

"लिहा की. देवळात जाऊन आलात?"

"नाही."

"मग जाऊन या. दहा मिनिटांचं काम आहे. या वहीत खोटं चालत नाही. मी उघडी ठेवतो."

मी बाहेर पाहिलं. पागोळ्यांच्या धारा लागल्या होत्या. माझी छत्री भाऊसाहेबाच्या गाडीत होती आणि गाडी पार तिकडे, पुलापलीकडे.

"सुभाष, जे शे ते लिख," आण्णा म्हणाले. "सदरा काय, महादूच्या नावाला बी घालता येतो."

मी लिहिलं: 'सुभाष, मूळ गाव नामपूर, हल्ली नाशिक. आपल्या घरातून लढाईवर कोण गेलं ते बघायला आलो. महादू गेला होता. धोंडू गेला नव्हता.'

रेकॉर्डिंग आणि वहीच्या त्या पानाचा फोटो मी ग्रामसभेपुढे ठेवला, आणि पंधरा ऑगस्टला दगडावर महादूचं नाव लागलं. घरात तेच वडीलधारे म्हणून भाऊसाहेबाने पडदा ओढायला आण्णांनाच पुढे केलं, आणि आण्णांनी तो असा ओढला की दोरीच हातात आली. मग मुख्याध्यापक माइकवर माझ्याविषयी बोलले. स्वतःच्या पणजोबांविरुद्ध खरं लिहायला वाघाचं काळीज लागतं, म्हणाले. टाळ्या वाजल्या, भाऊसाहेबाने सगळ्यात जोरात वाजवल्या. मी उठून हात जोडले. छत्री जवळ असती तर मी देवळात जाऊन आलो असतो आणि 'देवदर्शन' लिहून मोकळा झालो असतो, हे त्याच माइकवर सांगावंसं वाटलं होतं. पण शेवटी मी धोंडूचाच पणतू.