चार नंबरचा पट्टा

नेरच्या जिनिंगमधला मोहिउद्दीन फिटर बावीस वर्षांत मॅनेजरला कधी 'नाही' म्हणाला नव्हता. मान हलवायची, 'हो साहेब' म्हणायचं आणि मग आपल्याला पटेल तेच करायचं, ही त्याची रीत. सरकी काढणारा एखादा रेचा धोक्याचा वाटला, की तासाभरात त्याचा पट्टा आपोआप सुटायचा. साहेब चरफडेपर्यंत दुरुस्ती उरकलेली असायची.

कापसाचे दिवस वाईट होते. आजूबाजूच्या जिनिंगना कुलपं लागत होती, आणि आमच्या शहाण्या मालकांनी नेमकं त्याच वर्षी कामगारांना ठामपणे बोलायला शिकवायचं मनावर घेतलं! मोहिउद्दीन त्या ट्रेनिंगसाठी दोन दिवस यवतमाळला जाऊन आला. डोळ्यांत बघा, माफी मागू नका, 'नाही' स्पष्ट म्हणा. बिचाऱ्याने सगळं पाठ केलं.

सोमवारी चार नंबरच्या रेच्याची जाळी तुटलेली होती. त्यावर कापूस टाकायला मानीबाई बसायची. हात सरकला तर थेट फिरत्या रुळांत. मोहिउद्दीन मॅनेजर यज्ञेश्वररावांसमोर ताठ उभा राहिला.

"नाही साहेब. जाळी बसल्याशिवाय मी चार नंबर चालू करणार नाही."

यज्ञेश्वररावांनी चक्क टाळ्या वाजवल्या. "वा! ट्रेनिंग कामी आलं म्हणायचं. तुमचं मत नोंदवून घेतो." मग उठून त्यांनी स्वतःच बटण दाबलं.

रेचा धडधडू लागला. मानीबाईने मोहिउद्दीनकडे एकदा पाहिलं, पदर कमरेला घट्ट खोचला आणि कापूस टाकू लागली. 'नाही' तर बरोबर म्हटलं होतं, डोळ्यांत बघूनच म्हटलं होतं. मग चुकलं कुठे? तिची बोटं रुळांच्या अगदी जवळून जात होती.

तो गुपचूप रेच्याच्या मागे गेला आणि दांड्याने पट्टा उतरवला.

"साहेब, पट्टा सुटला!"

"आताच सुटायचा होता? लवकर बसवा."

"हो साहेब," तो म्हणाला, आणि आधी जाळी बसवली.

संध्याकाळी ट्रेनिंगवाल्यांचा फॉर्म आला. शिकलेल्याचा कामात उपयोग झाला का? हो किंवा नाही लिहा. मोहिउद्दीन पेन धरून बसून राहिला. मानीबाई नळावर हात धूत होती.

"कायचा इचार करून राह्यले, भाऊ?"

"मले काही समजूनच नाही राह्यलं, मानीबाई. आज मी नाही म्हटलं तं मशीन चालू झाली, अन् हो म्हटलं तं जाळी बसली."

"मंग हो लिहा न," ती म्हणाली, आणि ओले दोन्ही पंजे त्याच्यापुढे धरले. "मोजून घ्या, दाही हायेत."