शिंदीचं वळण

मुखेडच्या ज्या शाळेत मी भूगोल शिकवतो, तिथं दरवर्षी नववीच्या मुलांना नदीच्या वळणांचं काम समजावून सांगावं लागतं. वळणावर पाण्याचा वेग कमी होतो, गाळ खाली बसतो, पाणी जमिनीत मुरतं. फळ्यावर आकृती काढून मी हे वीसेक वर्षं शिकवत आलो आहे. त्यामुळे मी जे केलं ते माहीत नसल्यामुळे केलं, असं मला म्हणता येत नाही.

माझं गाव चाकूर तालुक्यात आहे. वडिलांच्या मागं शेत माझ्याकडं आलं. शनिवारी शाळा सुटली की एसटीनं गावी जायचं आणि रविवारी संध्याकाळी परत यायचं, असा माझा क्रम आहे. नांगरणी, पेरणी गावातला ट्रॅक्टरवाला करून देतो. शेताच्या एका अंगाला ओढा आहे. तो माझ्या जमिनीत शिरून विळ्यासारखा वळायचा आणि मग खाली आबांच्या शेताकडं जायचा. आबा हे आमचे शेजारी. नात्यानं ते कुणी नाहीत, पण लहानपणापासून मी त्यांना आबाच म्हणतो. सत्तरी कधीच ओलांडलेली, चार एकर रान, ओढ्याच्या काठाला विहीर आणि दावणीला दोन म्हशी. त्या विहिरीवर त्यांचा उन्हाळा निघायचा.

वळणाच्या पोटात शिंदीची अकरा झाडं होती. खाली निरगुडी आणि लव्हाळा माजलेला. गावात त्या जागेला शिंदीचं वळण म्हणत. झाडांखालची माती काळीभोर, लोण्यासारखी होती. बारा गुंठे तरी जागा असेल. ट्रॅक्टरवाला मात्र दरवर्षी कुरकुर करायचा.

"सर, ह्या कोपऱ्यात निस्तं मागंपुढंच करावं लागायलंय. एवढं सरळ करून टाका, एका दमात तास निघंल."

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात गावानं वर्गणी काढून ओढ्याचं खोलीकरण घेतलं. शिकलेला म्हणून मला समितीचा सचिव केलं होतं. कामाच्या सुरुवातीला मी पाणी आणि मातीवर अर्धा तास भाषणही केलं. आमच्याकडं जेसीबी ओढ्यात उतरली की काठचा प्रत्येक शेतकरी ऑपरेटरला चहा नेऊन देतो, भाकरी खाऊ घालतो आणि जाता जाता आपलं एखादं काम करून घेतो. कुणाचा दगड उचलायचा असतो, कुणाचा बांध दाबायचा असतो. याला कुणी चोरी म्हणत नाही. मी ऑपरेटरला जेवायला घातलं, मटण केलं होतं, आणि वळण बुजवून ओढा सरळ काढून द्यायला सांगितलं.

त्याला अर्धा दिवस लागला. शिंदी एकेका धक्क्यात आडव्या झाल्या. मी बांधावर उभा राहून पाहत होतो. त्या वेळी मला वाईट वाटलं असं मी आता लिहिलं तर ते खोटं ठरेल. शेत चौकोनी झाल्याचं मला समाधान वाटलं होतं.

त्या वर्षी सप्टेंबरात दोन दिवस जोराचा पाऊस झाला. आधी असं पाणी आलं की वळणात पसरायचं, फेस धरून फिरायचं आणि सावकाश पुढं जायचं. या वेळी ते माझ्या शेताजवळून सरळ धावत गेलं. माझं सोयाबीन उभं राहिलं. खाली आबांच्या रानात मात्र पाण्यानं काठ फोडला आणि विहिरीच्या वरच्या बाजूची माती धुऊन नेली. दोन-तीन खळी मावतील एवढ्या जागेत मुरूम उघडा पडला. मी रविवारी पाहायला गेलो. आबा त्या मुरमावर उभे होते आणि काठीनं टोकरत होते.

"लई पाऊस झाला," मी म्हणालो.

"हाव, झाला," ते म्हणाले.

पुढच्या माघात त्यांच्या विहिरीनं तळ दाखवला. एरवी वैशाख संपेपर्यंत तिला पाणी असायचं. आबा म्हशींना नळावर न्यायचे किंवा सायकलला दोन कॅन अडकवून पाणी आणायचे. चढावर ते सायकलवरून उतरून ढकलत चालायचे. एका शनिवारी एसटीतून उतरून मी त्यांच्या मागून चालत होतो. मागून हात लावला तर त्यांनी वळून पाहिलं आणि ढकलू दिलं. दुसऱ्या दिवशी मी माझ्या बोअरवरून त्यांच्या हौदापर्यंत पाइप टाकून दिला.

"बरं केलंस बाबा," आबा म्हणाले. "जनावराचा दुवा लागंल तुला."

गावात याचं कौतुक झालं. मास्तरनं म्हाताऱ्याला पाणी दिलं, असं पारावर बोललं गेलं. मी ते ऐकून घेतलं.

त्याच उन्हाळ्यात शिवारफेरी निघाली. गावातली माणसं कृषी सहायकाबरोबर सगळं शिवार पायी फिरतात, पाणी कुठून येतं, माती कुठं वाहून जाते ते पाहतात आणि एका वहीत नोंदवतात. त्यावरून पुढची कामं ठरतात. आमच्या कृषी सहायक म्हणजे एक तरुण बाई होत्या, डोक्याला रुमाल बांधून भराभरा चालणाऱ्या. नोंदी लिहायची वही माझ्याकडं होती. पंधरा-वीस माणसं होती. त्यांत आबाही होते.

माझ्या शेतापाशी आल्यावर बाई थांबल्या. त्यांच्या हातात जुना नकाशा होता.

"इथं ओढ्याला वळण दाखवलंय. मग हा सरळ कसा?"

मागून एक जण म्हणाला, "मास्तरचं रान हाय बाई. पट्टी लावून रेघ मारलीय."

दोघं-तिघं हसले. बाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी वहीत पाहत होतो.

तेवढ्यात आबा म्हणाले, "पाण्यानं केलं. गेल्या सालच्या पाण्यानं."

"पाणी वळण बुजवून सरळ जातं?" बाईंनी विचारलं.

"आमच्याकडलं पाणी लई शिकलेलं हाय," मागचा तोच माणूस म्हणाला, आणि या वेळी सगळेच हसले. बाईंनी एकदा माझ्याकडं, एकदा आबांकडं पाहिलं आणि मला म्हणाल्या, "लिहा मग."

मी लिहिलं, 'अतिवृष्टीमुळे ओढ्याने प्रवाह बदलला. खालील शेतात मातीची धूप.' माझं अक्षर चांगलं आहे. ती नोंद त्या वहीतल्या इतर नोंदींसारखीच नीट आली.

त्यानंतरचे दोन शनिवार मी गावी गेलो नाही. पेपर तपासायचे आहेत असं घरी सांगितलं. पेपर खरंच होते, पण ते मी गावीही तपासू शकलो असतो. तिसऱ्या रविवारी सकाळी आबांच्या कोठ्यावर गेलो. ते म्हशीच्या पाठीवर पाणी मारत होते. पाणी माझ्या पाइपाचं होतं.

"आबा, वळण मी बुजवलं," मी म्हणालो.

"मला काय डोळे न्हाईत का?" ते म्हणाले आणि म्हैस घासत राहिले.

"मग त्या दिवशी तसं कामून म्हणालात?"

त्यांनी बादली खाली ठेवली. "लोकांम्होरं म्हणलो असतो की ह्यानंच केलं, तर तू काय केलं असतंस? लाजला असतास. अन् लाजलेला माणूस वळण परत देत न्हाई, वकील देतो. मग मी ह्या वयात तारखेला चाकूरला जायचं? माझा जन्म संपला असता. मला विहीर पाहिजे. तुझी अब्रू घेऊन म्हशीला पाजू का?"

मी पाइप बादलीत सोडला.

"तू येशील म्हणून वाट बघायलो होतो," ते म्हणाले. "लई येळ लावलास. मटण खाऊ घालून बुजवलंस म्हणं. मला एक तुकडा बी दिला न्हाईस."

ते थट्टेनं बोलत होते. मला हसता आलं नाही.

पावसाच्या आधी वळण उकरायचं ठरलं. मी त्याच ऑपरेटरला बोलावलं.

"सर, भरायचं का उकरायचं, एकदा नक्की करा," तो म्हणाला. "न्हाई, माझं काय, मी दोन्ही करतो."

जुना काठ कुठून जात होता हे मला सांगता येईना. जमीन सपाट झाली होती आणि त्यावर एक पीक निघालं होतं. आबा हातात चुन्याच्या फक्कीची पाटी घेऊन आले. न थांबता, एकदाही मागं न पाहता, पांढरी रेघ ओढत ते विळ्यासारखे फिरले. मशीननं त्या रेघेवर खोदलं तेव्हा दोन हात खोलीवर शिंदीची मुळं लागली. कुजून काळी पडली होती, पण जागा बरोबर होती. सरळ काढलेल्या चारीच्या तोंडाला आम्ही दगडांचा बांध घातला, म्हणजे पाणी वळणात शिरेल. बाकीचे दगड आबांच्या फुटलेल्या काठाला लावले. काठावर निरगुडीच्या फांद्या खोचल्या. आबांनी खालच्या शिवारातून शिंदीची अकरा रोपं उपटून आणली होती. हा आकडा मी त्यांना सांगितला नव्हता.

पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत मी उठून ती वही मागून घेतली. माझी नोंद वाचली आणि ती चूक आहे, वळण मी स्वतः बुजवलं होतं, असं सांगितलं. आदल्या दिवसापासून मी हे मनात जुळवत होतो. शिवारफेरीत मागून बोलणारा तो माणूस म्हणाला, "ठाऊक हाय की सर. पुढचा विषय घ्या."

आबा पहिल्या रांगेत होते. त्यांनी मला हातानं खाली बसायची खूण केली. जुन्या ओळीखाली मी दुरुस्ती लिहिली आणि सही केली. पुढचा विषय दिवाबत्तीचा होता.

त्या पावसाळ्यात ओढा वळणावरून गेला. एकदा मोठं पाणी आलं तेव्हा ते माझ्या शेतातही पसरलं आणि चार तास सोयाबीनमध्ये उभं राहिलं. चार सऱ्या पिवळ्या पडल्या. ट्रॅक्टरवाला पुन्हा कोपऱ्यात मागंपुढं करू लागला.

यंदा मार्चमध्ये आबांनी मला विहिरीवर बोलावलं. वरून पायऱ्या मोजायला लावल्या. सातवी पायरी पाण्याखाली होती. गेल्या वर्षी याच दिवसांत तळाचा गोटा दिसत होता. मी म्हणालो, आता मुरमाच्या जागेवर तळ्यातला गाळ आणून टाकू, ट्रॅक्टर मी लावतो.

"नगं," ते म्हणाले. "अजून काठ धरला न्हाई. एका पाण्यात गाळ बी जाईल. माझी माती तर तुझ्या एसटीच्या आधी तुझ्या शाळेकडं, नांदेड जिल्ह्यात जाऊन बसली. अजून कशाला पाठवायलास?"

"मग कधी टाकायचा?"

"शिंदीची मुळं गुतली की."

"त्याला किती वर्षं लागतील?"

त्यांनी वळणाकडं पाहिलं. रोपं अजून गुडघ्याएवढीही नव्हती. "तू रिटायर होशील तवर होईल," ते म्हणाले. "मला काय विचारतोस? माझ्या पोराला विचारून टाक."

त्यांचा मुलगा पुण्याला असतो. मी त्याला वर्षातून एकदा भेटतो. त्या दिवशी आम्ही दोघं आणखी थोडा वेळ विहिरीच्या काठावर बसलो. आबांनी तंबाखू मळली, मला विचारली, मी नको म्हणालो.

अकरा रोपांपैकी नऊ जगली आहेत. उन्हाळ्यात दर शनिवारी एसटीतून उतरलो की घरी जायच्या आधी मी त्यांना पाणी घालतो, प्रत्येकी एक कॅन. आबांच्या विहिरीतूनच शेंदतो, कारण ती जवळ पडते. तिथून मुरमाचा तो तुकडा समोरच दिसतो. त्यावर अजून काही उगवलेलं नाही.