आना काटारिनाची जागा

ऑक्टोबरातल्या दफनभूमीला एक ओला, किंचित कडवट गंध असतो. कुजत चाललेल्या पानांचा, नुकत्याच उकरलेल्या काळ्या मातीचा आणि लाल काचेआड तेवणाऱ्या मेणबत्त्यांचा तो गंध थंड हवेत इतका खाली, इतका जमिनीलगत रेंगाळत असतो की वाकून पाणी घालणाऱ्यालाच तो नीट कळावा. मला तो कळला, कारण एक झारी माझ्याही हातात होती. कबर माझ्या कुणाची नव्हती. ती हाइन्त्स ब्रांडेस यांची होती, आणि झारी त्यांच्या पत्नीची.

त्या वर्षांत मी ब्राउनश्वाइगच्या तांत्रिक विद्यापीठात पीएच.डी. करत होते. धातूची पट्टी यंत्रात अडकवायची, ती लक्षावधी वेळा वाकवायची आणि पहिली भेग कुठे पडते ते पाहायचं, हे माझं काम. दिवसच्या दिवस त्या यंत्राच्या संथ, समान घरघरीत जात. सहकारी सभ्य होते, मदतीला तत्पर होते. पण पाच वाजले की प्रत्येक जण आपल्या सायकलीवरून आपल्या जगात नाहीसा होई. त्या एकटेपणाची तक्रार तरी कुठल्या तोंडाने करायची? कुणी काही वाईट वागलं नव्हतं. कुणी काही वागतच नव्हतं!

घरमालकीण फ्राउ ब्रांडेस शहात्तर वर्षांच्या. तरुणपणी ट्राममध्ये तिकिटं देत असत. अजूनही बोलताना समोरच्याने लवकर उतरून घ्यावं असा त्यांचा सूर असे. माझ्या ‘मिरजकर’ आडनावाचं त्यांनी जर्मन उच्चाराने पहिल्याच दिवशी ‘मिरायकर’ केलं आणि मीही ते सुधारलं नाही. दर शनिवारी दुपारी त्या दफनभूमीत जात. एकदा त्यांचा गुडघा दुखत होता म्हणून झारी उचलायला मी सोबत गेले, आणि मग जातच राहिले. शनिवारी दुपारी मला जायला दुसरी जागा होती कुठे?

त्या ऑक्टोबरात हाइन्त्सच्या शिळेवर एक पिवळा कागद चिकटवलेला दिसला. नातेवाइकांनी कार्यालयाशी संपर्क साधावा, एवढंच त्यावर होतं. मला वाटलं, काही नासधूस झाली असेल.

“नाही हो,” फ्राउ ब्रांडेस म्हणाल्या. “त्याची रूहेत्साइट संपली.”

रूहेत्साइट म्हणजे विश्रांतीचा काळ. त्या देशात मृतालाही जमीन कायमची मिळत नाही, हे मला तेव्हा कळलं. नेमून दिलेली वर्षं सरली की घरच्यांनी मुदत वाढवून घ्यायची. नाहीतर शिळा उचलतात, माती सपाट करतात, आणि पुढे ती जागा दुसऱ्या कुणाची होते. हे ऐकून मी चरकले. फ्राउ ब्रांडेस मात्र शांतपणे फुलांना पाणी घालत होत्या. त्यांची मुलगी दूर दक्षिणेत झिंडेलफिंगेनला राहत असे, जावई तिथल्या मोटारींच्या कारखान्यात होता, आणि आईने आता तिकडे यावं म्हणून मुलगी वर्षभर मागे लागली होती. त्या गेल्या तर या फुलांना पाणी कोण घालणार?

त्याच आठवड्यात अमेरिकेतून एक पत्र आलं. इंग्रजी येत नसल्यामुळे त्यांनी मला खाली स्वयंपाकघरात बोलावलं, चष्मा पुसला आणि समोर बसल्या. पत्र पेनसिल्वेनियातल्या एका लहान गावच्या चर्चच्या चिटणिसाचं होतं. फ्राउ ब्रांडेस यांच्या माहेरच्या घराण्यातला योहान नावाचा एक तरुण, चाकं बनवणारा कारागीर, अमेरिका स्वतंत्र होण्याआधी तिकडे गेला होता. पुढे तो शेतकरी झाला, गावचा कारभारी झाला, आणि नव्या राज्याच्या पहिल्यावहिल्या विधिमंडळात निवडून गेला. मेला तेव्हा स्वतःच्याच शेतात त्याला पुरलं. दोन पिढ्यांनी गावाला त्याच्या थोरवीची आठवण झाली. वाजतगाजत त्याच्या अस्थी गावात आणल्या आणि त्यांच्यावर दगडी स्तंभ उभा केला. आता रस्ता रुंद होणार होता, स्तंभ आड येत होता, आणि योहानला पुन्हा हलवून चर्चच्या आवारात न्यायचं ठरलं होतं. त्यासाठी जर्मनीतल्या नातेवाइकांची संमती हवी होती.

मेल्यावरही माणसाला किती प्रवास! जिवंतपणी एक समुद्र ओलांडून जो स्थिरावला, त्याला लोकांच्या आदराने स्थिर राहू दिलं नाही. मी मनातल्या मनात हसले. फ्राउ ब्रांडेस हसल्या नाहीत.

“बरं, आणि आना काटारिना?” त्यांनी विचारलं.

“कोण?”

त्या आत गेल्या आणि घरातलं जुनं बायबल घेऊन आल्या. पहिल्या कोऱ्या पानांवर पिढ्यान्‌पिढ्यांची नावं होती, वळणदार, मला न वाचता येणाऱ्या लिपीत. एका ओळीवर त्यांनी बोट ठेवलं. योहान आणि आना काटारिना. लग्न झालं त्याच वसंतात दोघं निघाली. “त्याची बायको. तिचं काय लिहिलंय?”

मी पत्र पुन्हा वाचलं. तिच्याविषयी एकच वाक्य होतं, तेही नाव न घेता: त्यांच्या पत्नी शेतावरील मूळ जागीच असाव्यात.

“असाव्यात!” फ्राउ ब्रांडेस म्हणाल्या. “म्हणजे बँड लावून त्याला घेऊन गेले आणि तिला शेतात ठेवून गेले. आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही.”

त्यांनी सांगितलेलं उत्तर मी इंग्रजीत लिहिलं. तिला शोधा आणि त्याच्याजवळ ठेवा. नाहीतर त्याला परत शेतात तिच्याकडे न्या. दोन्हीपैकी काही होणार नसेल, तर आमची संमती नाही. भाषा जरा सौम्य करू का, असं मी विचारलं. “नाइन. मुळीच नको,” त्या म्हणाल्या, आणि ट्राममधून कुणाला तरी खाली उतरवावं तशी खाली सही केली.

त्या हिवाळ्यात मला आना काटारिना वारंवार आठवे. यंत्राशेजारी बसल्या बसल्या ते अनोळखी शेत डोळ्यांपुढे येई, आणि तिच्या आडून, मी कितीही परतवले तरी, माझे बाबा येत. मी जर्मनीत आले त्याच वर्षी ते सांगलीत अचानक गेले. मिळेल ते विमान पकडलं, तरी चौथ्या दिवसाच्या आत पोचणं शक्य नव्हतं. निघताना मी काकांना फोनवर म्हणाले होते, “अस्थी विसर्जनाला तेवढं थांबा. दहाव्यापर्यंत थांबता येतं ना?” काका म्हणाले, “बघतो.” मी घरी पोचले तेव्हा अस्थी आदल्याच दिवशी कृष्णेत सोडून झाल्या होत्या. “शास्त्राप्रमाणे तिसऱ्या दिवशीच उरकलं,” काकांनी सांगितलं. आई भिंतीला टेकून बसली होती. ती काहीच बोलली नाही. त्या न बोलण्याला मी मनात आईचा होकार समजले, आणि त्यानंतरची चार वर्षं दर रविवारी तिला फोन करूनही तिच्याशी खरं काही बोलले नाही. देताना हात आखडावा तशी माझी माया आखडली होती, आणि ते तिलाही कळत असणार.

मार्च उजाडला तेव्हा अमेरिकेचं उत्तर आलं. चिटणिसाने सविस्तर लिहिलं होतं. पत्र मिळाल्यावर चर्चच्या मंडळींची सभा झाली, कुणी तरी म्हणालं की खर्च आणि वेळ वाया जाईल, पण अखेर ते शेत खणायचं ठरलं. जुन्या कुंपणाच्या ओळीत, एका अक्रोडाच्या झाडाखाली, आना काटारिना सापडली. एकटी नव्हती. तिच्या कुशीशी एक तान्हं मूल होतं. त्या मुलाची नोंद कुठेच नव्हती, बायबलातही नाही. आता तिघांना एकत्र चर्चच्या आवारात ठेवलं आहे, आणि शिळेवर तिचं नाव त्याच्या नावाच्या बरोबरीने, एकाच आकाराच्या अक्षरांत कोरलं आहे.

मी वाचायची थांबले. फ्राउ ब्रांडेस खिडकीबाहेर पाहत होत्या. “ती एकटी नव्हती तर,” एवढंच त्या म्हणाल्या. मग बायबल उघडून त्या ओळीखाली त्यांनी लिहिलं: आणि एक मूल.

एप्रिलमध्ये त्यांनी मला सांगितलं की त्या झिंडेलफिंगेनला जाणार. हाइन्त्सची मुदत वाढवायची नाही. शिळा काढायला त्यांनी कार्यालयाला कळवलंसुद्धा. माझा माझ्या कानांवर विश्वास बसेना. राग इतका अनावर झाला की जर्मन व्याकरण कोलमडलं.

“दोन-अडीचशे वर्षांपूर्वीच्या एका बाईसाठी तुम्ही एवढं भांडलात, आणि स्वतःच्या नवऱ्याला सोडून जाताय?”

त्या रागावल्या नाहीत. खुर्ची ओढून बसल्या, मलाही बसायला सांगितलं.

“फ्राउ मिरायकर, तिला कुणी विचारलं नव्हतं. हाइन्त्सला मी विचारलंय. दवाखान्यात, शेवटच्या महिन्यात. तो म्हणाला, मुदत असेल तोवर ये, मग पुरे. एका दगडासाठी तू या गावात अडकून पडू नकोस. मी म्हटलं, बरं. आणि त्याने विचारलं, तुला चालेल ना? मी म्हटलं, चालेल.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “चालत नाहीये. पण ठरवलं ते आम्ही दोघांनी.”

कुठे ठेवलं, किती वर्षं ठेवलं, नदीत सोडलं की मातीत पुरलं, याहून खोल असं काही त्या बाईने माझ्यापुढे ठेवलं होतं: जाणाऱ्याला आणि राहणाऱ्याला कुणी विचारलं होतं का? मी चार वर्षं मला विचारलं नाही म्हणून जळत होते. पण त्या घरात न विचारलेली मी एकटीच होते का?

शनिवारी आम्ही दोघी शेवटचं दफनभूमीत गेलो. त्यांनी कबरीवरची रोपं मुळासकट काढून एका खोक्यात भरली, झिंडेलफिंगेनच्या सज्जात लावायला. शिळेवर हात ठेवून क्षणभर उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “चला,” आणि मागे न बघता चालू लागल्या. मी मात्र वळून पाहिलं. पुढच्या आठवड्यात ट्रक येऊन त्यांचं सामान घेऊन गेला, आणि घर इतकं निःशब्द झालं की स्वतःच्या पावलांची मला लाज वाटू लागली.

त्या रविवारी दुपारी मी सांगलीला फोन लावला. आईने नेहमीप्रमाणे विचारलं, “जेवलीस का गं?” मी म्हणाले, “आई, बाबांच्या अस्थी न्यायचं ठरलं तेव्हा तुला कुणी विचारलं होतं का?”

पलीकडे कसलंसं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

“मला कुठं कुणी विचारलं?” आई म्हणाली. “भाऊजींनी सकाळी सांगितलं, निघतोय म्हणून.”

“विचारलं असतं तर?”

“तर म्हटलं असतं, पोरीला येऊ दे.” मग म्हणाली, “मी मागोमाग फाटकापर्यंत गेले होते गं. अनवाणीच. थांबा म्हणणार होते. तोंडातून शब्द फुटेपर्यंत रिक्षा वळली. मग तू आलीस, माझ्याकडे बघेनास. मला वाटलं, हिला तरी काय तोंडाने सांगू?”

मी पलंगाच्या कडेवर बसले. चार वर्षांत पहिल्यांदा मला रडू फुटलं, आणि आईने गप्प राहा म्हटलं नाही, फोन ठेवला नाही. तिकडे तीही रडत असावी. किती तरी वेळाने मी डोळे पुसले.

“आई,” मी म्हणाले, “त्या दिवशीचं मला सगळं सांग. अगदी सकाळपासून.”

आणि आई सांगू लागली.