काकांची भट्टी आणि माझे तीन सेल

सातपूरच्या एका लहान कारखान्यात गिअर कडक करायची भट्टी होती. ती चालवणारे काका सायखेड्याचे. पोलादाचा रंग बघून किती ताप द्यायचा, किती वेळ ठेवायचं, ते ठरवत. कागदावर काही नव्हतं, वीस वर्षांचं सगळं त्यांच्या डोक्यात. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मालकांनी मला, नव्या इंजिनिअरला, भट्टीसाठी छोटा कॉम्प्युटर करायला सांगितला.

सहा महिने काका आकडे सांगत आणि मी बटणं दाबून ते त्या कॉम्प्युटरच्या पेटीत भरत होतो. वीज गेली की आकडे पुसले जाऊ नयेत म्हणून मी चार्ज होणारे तीन सेल बसवले, मध्ये एक डायोड, म्हणजे सेलची वीज फक्त मेमरीलाच मिळावी. आमच्याकडे आठवड्यातून एक दिवस वीज बंद. मी दोन दिवसांची सोय केली आणि स्वतःवर भलताच खूश झालो. वहीतही लिहून ठेव, असं काका दोनदा म्हणाले. मी म्हटलं, मग पेटी कशाला केली? शहाणाच ना मी!

"बरं," काका म्हणाले, "मी गेल्यावर पेटी सांगंल. लय झालं."

त्या भाद्रपदात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. पेटी मात्र झकास चालली होती.

मग नवरात्र आलं. अष्टमीच्या संध्याकाळी मेन स्विच पाडून आम्ही यंत्रं पुसली. नवमीला पूजा. पूजेला बसलेल्या यंत्राला दसरा होईपर्यंत हात लावायचा नाही, ही आमची रीत. पेटीला कुंकू मीच लावलं, झेंडूही मीच वाहिला, आणि तिथंच उभा राहून पेढा खाल्ला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आमचा वीज बंदचा वार. तीन दिवस झाले, हे माझ्या टाळक्यात आलंच नाही. चौथ्या सकाळी पेटी सुरू केली तर काहीच्या काही आकडे. काकांचा एकही शिल्लक नव्हता.

पंधरा दिवस अंदाजानं भट्टी चालवली. गिअरचे दात तडकत राहिले. शेवटी मी सायखेड्याला गेलो. काका ओट्यावर टेकून बसले होते. मला बघताच त्यांनी डाव्या हाताची बोटं हवेत बटणं दाबल्यासारखी हलवली आणि भुवया उंचावल्या.

"चालू आहे काका," मी म्हणालो. "तुमचंच सगळं आहे त्यात."

त्यांनी समाधानानं मान हलवली. काकूंनी चहा दिला, तो पिऊन मी निघालो. पुढच्या महिन्यात काका गेले.

मान त्यांना हलवता येत होती. मी एकेक आकडा विचारला असता, तर हो-नाही करून त्यांनी सगळं परत सांगितलं असतं. पण आधी मला सांगावं लागलं असतं की माझ्या हातून ते पुसलं गेलं. माझी लाज वाटली मला, आणि मी गप्प बसलो.